कॅम्पातील कॅथलिक परिचय वर्ग: ठरवते कोण, बदलते काय?

पुण्याच्या कॅम्प भागातील एका कॅथलिक चर्चने पावसाळ्यात, शनिवारच्या संध्याकाळी, अन्यधर्मीयांसाठी एक परिचय वर्ग चालवला. कॅथलिक श्रद्धा म्हणजे काय, चर्चचा कारभार कसा चालतो आणि त्याच्या चालीरीती कुठून आल्या, याविषयी सर्वसामान्य माणसाला पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे देणे एवढाच वर्गाचा उद्देश होता. धर्मांतराशी त्याचा काहीही संबंध नाही हे पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट सांगण्यात आले आणि तो शब्द शेवटपर्यंत पाळला गेला. शुल्क २०० रुपये होते. त्यात एक पुस्तिका आणि दर वेळचा चहा आला. चर्चचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत आणि वर्ग चालवणाऱ्या मंडळींनी हे काम आपापल्या जबाबदाऱ्या सांभाळून, विनामोबदला केले होते.

शिकवणारे तिघे होते: तेथील प्रमुख धर्मगुरू, चर्चच्या कायद्याचा अभ्यास केलेल्या एक सिस्टर आणि शाळेतून निवृत्त झालेल्या, त्याच धर्मग्रामातील (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या समाजातील) एक मुख्याध्यापिका. समोर बसणाऱ्यांत कॉन्व्हेंट शाळांत शिकवणाऱ्या हिंदू शिक्षिका होत्या, इतिहासाचे विद्यार्थी होते आणि ज्यांच्या घरी आंतरधर्मीय विवाह ठरला आहे असे पालक व नातेवाईक होते. मी या शेवटच्या गटातला. माझ्या भाचीचा विवाह एका कॅथलिक मुलाशी ठरला असून, दोन्ही घरांत गैरसमज नकोत म्हणून ताईने मला आग्रहाने पाठवले होते.

या वर्गाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे त्याची पद्धत. कोणताही प्रश्न आला की उत्तर देण्यापूर्वी फादर तो कोणत्या प्रकारचा आहे हे सांगत: हा श्रद्धेचा सिद्धांत आहे, हा चर्चने केलेला आणि म्हणून चर्चला बदलता येणारा कायदा आहे, की ही केवळ स्थानिक रूढी आहे. बाहेरच्या माणसाला कॅथलिक धर्म एकजिनसी आणि अचल वाटतो, तो या वर्गीकरणाच्या अभावीच. उदाहरणार्थ, धर्मगुरूंना लग्न का करता येत नाही, हा पहिल्याच दिवशी विचारला गेलेला प्रश्न. उत्तर असे की हा सिद्धांत नसून लॅटिन परंपरेचा कायदा आहे आणि बाराव्या शतकात, ११३९च्या लॅटरन परिषदेत, तो पक्का झाला. पोपचेच नेतृत्व मानणाऱ्या अनेक पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुषाला गुरुदीक्षा मिळू शकते. मात्र दीक्षा घेतल्यानंतर विवाह करता येत नाही आणि बिशप अविवाहितांतूनच निवडले जातात. याउलट स्त्रियांना गुरुदीक्षा का नाही, या प्रश्नाला फादरांनी पहिल्या प्रकारात ठेवले: ती देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४मध्ये जाहीर केले आहे. हे उत्तर वर्गातील अनेकींना पटले नाही आणि त्यांनी तसे सांगितलेही. फादरांनी तो विरोध शांतपणे ऐकून घेतला आणि सिस्टरांनी आपण होऊन पुढची माहिती दिली: २०२३च्या रोममधील धर्मसभेत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले आणि जानेवारी २०२५मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिला या व्हॅटिकनमधील एका संपूर्ण खात्याच्या प्रमुखपदी नेमल्या गेलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. दीक्षेचा अधिकार आणि कारभाराचा अधिकार या दोन गोष्टी तिथे आता हळूहळू वेगळ्या होत आहेत, हे मला या चर्चेतून प्रथम कळले.

पुणेकरांच्या डोक्यातील एक जुना गोंधळ मुख्याध्यापिकाबाईंनी दूर केला. आपल्याकडे चर्च म्हटले की सगळी एकच, असे धरले जाते. १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहामुळे टिळक आणि रानडे यांच्यासह अनेकांना ग्रामण्याला, म्हणजे जातिबहिष्काराच्या कारवाईला, तोंड द्यावे लागले, ही हकिकत शाळेपासून आपल्याला माहीत असते. पण ते मिशन अँग्लिकन होते, कॅथलिक नव्हे. कॅम्पातील १८२५चे सेंट मेरीज चर्चही अँग्लिकनच, आणि ही दोन्ही मंदिरे आज १९७०मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहेत. कॅथलिकांचे पुण्यातील जुने मंदिर म्हणजे क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च. पेशव्यांच्या पदरी असलेल्या पोर्तुगीज आणि गोव्याकडील सैनिकांसाठी, सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर ते १७९२मध्ये सुरू झाले. म्हणजे या शहरात कॅथलिक आले ते इंग्रजांच्या मागून, हा समजही खरा नाही. शनिवारवाड्यावर पेशव्यांची सत्ता असतानाच त्यांची उपासना येथे चालू होती. खुद्द आजच्या पुण्यातही कॅथलिकांचे दोन बिशप आहेत हे ऐकून वर्गातील जवळपास सर्वांनाच आश्चर्य वाटले. एक लॅटिन परंपरेच्या पुणे धर्मप्रांताचे (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या अधिकाराखालील प्रदेश), ज्यांचे मुख्य मंदिर सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल आहे. दुसरे केरळात मूळ असलेल्या सिरो-मलंकार परंपरेचे, ज्यांच्या खडकी येथील प्रांताला २०१९मध्ये पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. उपासनेची भाषा, विधी आणि वेष वेगळे, पण पोप एकच. जगभरात अशी एकूण २४ स्वायत्त चर्च मिळून कॅथलिक चर्च बनते.

कारभाराविषयीची संध्याकाळ मला सर्वांत भरीव वाटली. पोप कसा निवडला जातो, हे २०२५च्या ताज्या उदाहरणावरून समजावण्यात आले. पोप फ्रान्सिस यांचे २१ एप्रिल रोजी निधन झाले. ८० वर्षांखालील १३३ कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालचे ज्येष्ठ धर्माधिकारी, ज्यांत चार भारतीय होते, सिस्टीन चॅपेलमध्ये एकत्र आले आणि ८ मे रोजी अमेरिकेत जन्मलेले व पेरूमध्ये दीर्घकाळ सेवा केलेले रॉबर्ट प्रिव्होस्ट हे लिओ चौदावे झाले. निवडीसाठी दोन-तृतीयांश मते लागतात आणि मतमोजणीनंतर मतपत्रिका जाळल्या जातात. कार्डिनलांखेरीज दुसरा कोणी पोप होऊ शकतो का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे: तत्त्वतः बाप्तिस्मा झालेला कोणताही पुरुष निवडला जाऊ शकतो, मात्र तो बिशप नसेल तर त्याला आधी बिशपपदाची दीक्षा द्यावी लागते. लिओ हे नाव आणि पुणे यांचा संबंधही फादरांनी अगत्याने सांगितला. भारतातील धर्मप्रांतांची नियमित रचना करून १८८६मध्ये पुणे धर्मप्रांत निर्माण करणारे पोप लिओ तेरावे होते. भारतीय धर्मगुरू भारतातच घडावेत म्हणून १८९३मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे पेपल सेमिनरी स्थापन करणारेही तेच. ती सेमिनरी १९५५मध्ये नगर रस्त्यावर आली. शेजारच्या ज्ञानदीप विद्यापीठासह ती आज देशभरातील तरुणांना गुरुदीक्षेसाठी तयार करते, आणि त्या रस्त्याने विमानतळाकडे नित्य ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना त्या भिंतीआड काय चालते याची कल्पना असते.

पोप पुण्यातील चर्च चालवतात का, असे एका विद्यार्थ्याने विचारले तेव्हा उत्तर अधिक बारकाईचे होते. दैनंदिन कारभारात नाही. धर्मप्रांत ही चर्चच्या रचनेतील मूळ एकक असून आपल्या धर्मप्रांतात बिशप हा पोपचा कारकून नसतो, त्याला स्वतःचा अधिकार असतो. परंतु बिशपची नेमणूक पोप करतात. दिल्लीतील पोपचे राजदूत गुप्तपणे चौकशी करतात, तीन नावांची यादी रोमला जाते, तेथील सुवार्ताप्रसाराचे खाते शिफारस करते आणि अंतिम निर्णय पोप घेतात. ज्या धर्मप्रांतासाठी ही निवड होते तेथील सामान्य श्रद्धाळूंना त्यात मत नसते, फार तर काहींना गोपनीय पत्राने विचारले जाते. वयाची ७५ वर्षे पूर्ण झाली की बिशपने राजीनामा सादर करायचा असतो. वसईचे पहिले बिशप असलेले थॉमस डाबरे २००९मध्ये पुण्यात आले आणि २०२३मध्ये निवृत्त झाले; त्यांच्यानंतर आलेले जॉन रॉड्रिग्ज यांची थोड्याच काळात मुंबईला नेमणूक होऊन २०२५च्या जानेवारीत ते तेथील आर्चबिशप झाले. खालच्या पातळीवर धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू बिशप नेमतो आणि बदलतो. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे १९८३च्या चर्च कायद्याने बंधनकारक केले आहे, मात्र तिचा आणि सल्लागार मंडळाचा अधिकार सल्ल्यापुरता आहे. या चर्चच्या व्हरांड्यात रविवारच्या दानाचा महिन्याचा हिशेब फलकावर लावलेला होता, ही गोष्ट मला आवर्जून नोंदवाविशी वाटते.

याच ओघात एका शिक्षिकेने विचारले की फादरांना पगार असतो का आणि ते गरिबीचे व्रत घेतात ना? बिशपच्या अधिपत्याखालील धर्मगुरू ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांचे वचन देतात, गरिबीचे व्रत घेत नाहीत. त्यांना माफक निर्वाहभत्ता मिळतो आणि वैयक्तिक मालमत्ता बाळगता येते. येशूसंघीय (जेझुइट) किंवा फ्रान्सिस्कन यांसारख्या संघांतील धर्मगुरू, धर्मबंधू आणि सिस्टर मात्र तीन व्रते घेतात आणि त्यांची कमाई संघाकडे जाते. कॉन्व्हेंट शाळेतील सिस्टर मुख्याध्यापिका आणि चर्चचे फादर हे एकाच साहेबाच्या हाताखाली असतात असे नाही, हे त्या शिक्षिकांना इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

पोप कधीच चुकत नाही असे कॅथलिक मानतात का, हा प्रश्न येणारच होता. ज्या प्रमादातीततेचा, म्हणजे न चुकण्याचा, सिद्धांत १८७०च्या व्हॅटिकन परिषदेत मांडला गेला, ती पोपच्या प्रत्येक वाक्याला लागू होत नाही. श्रद्धा किंवा नीती यांविषयी, सर्व चर्चसाठी बंधनकारक म्हणून, अंतिम निर्णय जाहीर केला तरच ती लागू होते. त्या परिषदेनंतर अशी औपचारिक घोषणा एकदाच झाली आहे: १९५०मध्ये, माता मरियेच्या स्वर्गारोहणाविषयी. पोपची राजकीय मते, मुलाखती, नेमणुका, कारभारातील निर्णय हे सगळे चुकू शकते आणि चुकलेलेही आहे, असे फादर म्हणाले.

मूर्ती आणि संत यांविषयी वर्गात सर्वांत जास्त कुतूहल होते. कॅथलिक मरियेची पूजा करतात का? आराधना केवळ परमेश्वराची, मरिया आणि संत यांच्याविषयी आदर आणि ‘आमच्यासाठी विनंती कर’ अशी याचना, असा भेद चर्च करते. मेणबत्ती लावणाऱ्या भाविकाच्या मनात तो भेद किती ठळक असतो हा प्रश्न माझ्या मनात राहिला, आणि मुख्याध्यापिकाबाईंनीही ते मोकळेपणाने मान्य केले. सिटी चर्च ज्या निष्कलंक गर्भसंभवाला वाहिलेले आहे त्याचा अर्थ बहुतेकांना, काही कॅथलिकांनाही, चुकीचा माहीत असतो: तो येशूच्या कुमारीपोटी झालेल्या जन्माविषयी नसून मरिया स्वतः आदिपापाच्या (माणसाला जन्मतः लागणाऱ्या पापाच्या) डागाविना गर्भात आली, याविषयी आहे. सिद्धांत म्हणून तो १८५४मध्ये घोषित झाला, पण ही भक्ती त्याच्या कितीतरी आधीपासून रूढ होती. संतपद कसे दिले जाते हे सांगताना वसईच्या गोन्सालो गार्सिया यांचे उदाहरण घेतले गेले. भारतात जन्मलेले हे पहिले संत १५९७मध्ये जपानमधील नागासाकी येथे इतर २५ जणांसह क्रुसावर मारले गेले आणि १८६२मध्ये संत घोषित झाले. चौकशी, पुरावे, चमत्काराची छाननी आणि मधल्या पायऱ्या यांना कधी शतके लागतात, तर मदर तेरेसांच्या बाबतीत मृत्यूनंतर १९ वर्षांत, २०१६मध्ये, ते पूर्ण झाले.

मिस्साबलिदान, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, याविषयीची संध्याकाळ सिस्टरांनी घेतली आणि ती प्रात्यक्षिकासारखी झाली. त्यांनी एका ताटलीतून अभिमंत्रित न केलेल्या भाकरीच्या चकत्या फिरवल्या: रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या, कागदासारख्या पातळ, मधोमध क्रुसाचा ठसा उमटलेल्या, केवळ गव्हाचे पीठ आणि पाणी यांपासून बनवलेल्या. हातात घेतल्यावर त्यांना वजनच जाणवत नाही. मिस्साच्या वेळी धर्मगुरूंच्या प्रार्थनेने ही भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते, प्रतीक म्हणून नव्हे, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. म्हणूनच उरलेल्या चकत्या कुलूपबंद कोशात ठेवतात आणि त्याशेजारी दिवा सतत तेवत राहतो. त्यामुळे अन्यधर्मीयांनी रांगेत जाऊन ती घेऊ नये, जागेवर बसून राहिले तरी कोणी वाईट मानत नाही, हे सिस्टरांनी स्पष्ट सांगितले. लग्नाच्या मिस्साला जाणाऱ्या आमच्यासारख्या नातलगांना ही एक माहितीसुद्धा मोलाची आहे, कारण प्रसाद नाकारणे म्हणजे अपमान, या आपल्या संस्कारामुळे अनेकजण नेमके तिथेच चुकतात.

पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूसमोर आपल्या पापांची कबुली देणे, याविषयी थोडक्यात सांगतो. धर्मगुरूने ऐकलेले कोणालाही, न्यायालयाला किंवा पोपलाही, सांगायचे नसते; जाणूनबुजून सांगितल्यास तो आपोआप चर्चबहिष्कृत होतो. वर्षातून किमान एकदा गंभीर पापांचे निवेदन करणे कॅथलिकांवर बंधनकारक आहे.

विवाहाची संध्याकाळ ही माझ्यासाठी वर्गाचा गाभा होती आणि तिथे शिकवण्याचा दर्जाही सर्वांत उंच होता. सिस्टरांनी धर्मग्रामाच्या कार्यालयातून बाप्तिस्म्याची नोंदवही आणली. जाड पुठ्ठ्याची, लांबट, हाताने आखलेल्या रकान्यांची ती वही त्यांनी नावांवर पांढरा कागद ठेवून दाखवली. जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईवडील, धर्ममातापिता, विधी करणारे धर्मगुरू असे रकाने, आणि शेवटी शेऱ्यासाठी मोकळी ठेवलेली रुंद जागा. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा विधी) कुठे झाले, विवाह कोणाशी आणि कोणत्या चर्चमध्ये झाला, गुरुदीक्षा झाली का, हे सगळे त्या शेऱ्याच्या रकान्यात, वेगवेगळ्या शाईत आणि वेगवेगळ्या हस्ताक्षरांत नोंदलेले होते. माणूस जगात कुठेही लग्न करो, त्याची सूचना बाप्तिस्मा झालेल्या मूळ धर्मग्रामाला पाठवावी लागते. लग्नापूर्वी मूळ धर्मग्रामाचा ताजा दाखला मागतात तो म्हणूनच. आधीचा विवाह लपवून दुसरा करणे त्यामुळे अवघड होते. भाचीच्या सासरच्यांनी दाखल्यासाठी मंगळूरला पत्र पाठवले तेव्हा आमच्या घरी जी कुजबूज झाली होती, तिचे निराकरण या एका रकान्याने केले.

त्यानंतर मिश्र विवाहाचे नियम आले. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह करण्यासाठी कॅथलिकाला बिशपकडून विशेष परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर चर्चच्या दृष्टीने तो विवाह वैध ठरत नाही. ही परवानगी मिळण्यासाठी कॅथलिक जोडीदाराने आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून शक्य ते सर्व करीन, असे वचन द्यायचे असते. दुसऱ्या जोडीदाराने कोणतेही वचन द्यायचे नसते, धर्म बदलायचा नसतो. त्याला किंवा तिला या वचनाची माहिती दिली पाहिजे, इतकाच नियम आहे. मुलांविषयीचे ते वाक्य ऐकताना मागच्या रांगेतील एका वडिलांचा चेहरा उतरला आणि त्यांनी विचारले, “म्हणजे आमची नातवंडे आमच्या देवासमोर बसणारच नाहीत का?” सिस्टरांनी उत्तर टाळले नाही. वचन कॅथलिक जोडीदाराचे आहे, ते खरे आहे आणि हलके नाही. पण संसार दोघांचा असतो आणि हे बोलणे लग्नानंतर नव्हे, साखरपुड्याआधी व्हायला हवे, असे त्या म्हणाल्या. माझ्या मते संपूर्ण वर्गातील हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होते.

घटस्फोटाच्या बाबतीत मात्र माहिती अपुरी राहिली. चर्च घटस्फोट मान्य करत नाही. विवाह सुरुवातीपासूनच अवैध होता, असा निवाडा धर्मप्रांताचे न्यायमंडळ देऊ शकते, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५मध्ये ही प्रक्रिया सोपी केली, एवढे सांगितले गेले. परंतु चर्चचा निवाडा आणि देशाचा कायदा यांतील अंतर मांडले गेले नाही, आणि पुण्यातील कुटुंबांसाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. चर्चच्या न्यायमंडळाने विवाह रद्दबातल ठरवला तरी दिवाणी न्यायालयाचा आदेश मिळेपर्यंत भारतीय कायद्याने ते दोघे विवाहितच राहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये आणि पुन्हा २०१७मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्या निवाड्याच्या भरवशावर कोणी दुसरे लग्न केले तर प्रकरण फौजदारी गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते. चर्चमधील विवाह १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली होतो, त्यात दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालते, आणि १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा स्वतंत्र मार्गही उपलब्ध असतो, हेही सांगायला हवे होते. पुढच्या वेळी या विषयासाठी एखाद्या वकिलाला बोलवावे, असे मी अभिप्रायात लिहिले आहे.

सण आणि परंपरांच्या संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई रंगात होत्या. ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते, हे पंचांग पाहणाऱ्या मराठी माणसाला चटकन कळते: २१ मार्चच्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. त्याआधीचा प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून सुरू होतो. ४० दिवस कडकडीत उपवास असतो असा समज आहे, पण चर्चच्या आजच्या कायद्याने उपवास सक्तीचा आहे तो राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी, तोही १८ ते ५९ वयाच्या लोकांना; बाकीचे घरोघरीच्या भक्तीवर अवलंबून. आरती, हात जोडून वंदन, चपला काढून जमिनीवर बसणे हे चर्चमध्ये कसे आले, असे कोणी विचारले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची सक्ती गेली आणि १९६९मध्ये भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना रोमने मान्यता दिली. त्यांत हे सगळे होते. काही कॅथलिकांना हे बदल आजही रुचत नाहीत, हे बाईंनी लपवले नाही.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव भाषेची. बोलणे बहुतांशी सुबोध मराठीत झाले, पण दिलेली पुस्तिका इंग्रजीत होती आणि तिचा मराठी सारांश म्हणून वाटलेली दोन पाने घाईत केलेली, अशुद्ध छापाची आणि विवाहाच्या प्रकरणात तर दिशाभूल करणारी होती. वसईपासून अहिल्यानगरपर्यंत मराठीत उपासना करणारा कॅथलिक समाज असताना, मराठी वर्गाला मराठी पुस्तिका न मिळणे हे पटत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. धर्मगुरूंकडून झालेल्या बाललैंगिक अत्याचारांविषयी एका शिक्षिकेने विचारले तेव्हा, इतर प्रश्नांना अर्धा-अर्धा तास देणाऱ्या वर्गात, हा प्रश्न काही मिनिटांत गुंडाळला गेला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९मध्ये काढलेल्या आदेशाचा उल्लेख झाला, पण त्याने धर्मगुरूंवर आणि सिस्टरांवर अशी तक्रार चर्चच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची सक्ती केली आणि दुर्लक्ष करणाऱ्या बिशपांचीही चौकशी होईल अशी तरतूद केली, हे सांगितले गेले नाही. आपल्याकडे पॉक्सो कायद्याने पोलिसांत तक्रार देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, हेही नाही. ज्या संस्थेच्या शाळांत आपण आपली मुले विश्वासाने पाठवतो तिच्याकडून या प्रश्नाला सर्वांत सविस्तर उत्तर मिळायला हवे. गोव्यातील इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारे चर्चचे न्यायासन, याविषयीही असेच झाले: १५६० ते १८१२ एवढा दीर्घ काळ चाललेल्या, मधली काही वर्षे सोडली तर अखंड असलेल्या त्या संस्थेची बोळवण ‘तो काळच तसा होता’ या एका वाक्यात झाली. इतिहासाचे विद्यार्थी त्यावर नाराज झाले आणि त्यांची नाराजी रास्त होती.

सभागृहात पावसाचा आवाज पत्र्यावर इतका होई की मागे बसणाऱ्याला ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकू येत नसे. वाहने ठेवायला जागा नाही. पीएमपीने किंवा रिक्षाने जाणे बरे.

तरीही ज्यांच्या घरी असा विवाह ठरला आहे, जे कॉन्व्हेंट शाळांत नोकरी करतात, किंवा ज्यांना पोपच्या निवडणुकीच्या बातम्या वाचताना पदे आणि अधिकार यांचा उलगडा होत नाही, त्यांनी असा वर्ग जरूर करावा. धर्मांची तुलना किंवा वादविवाद ऐकायला येणाऱ्यांची निराशा होईल. नोंदणी धर्मग्रामाच्या कार्यालयात, मिस्साच्या वेळा सोडून, होते आणि धर्माविषयी काहीही विचारले जात नाही. प्रश्न लिहून आणावेत, कारण लेखी प्रश्नांना पुढच्या शनिवारी, कायद्याच्या कलमासह उत्तर देण्याचा शिरस्ता सिस्टरांनी पाळला होता. आणि विवाहाच्या संध्याकाळी मुलगा व मुलगी या दोघांनाही सोबत न्यावे.